रिकाम्या पोर्टवरचा नेक्स्ट-हॉप

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. वाचताना मनात सतत चालू असतं... ही सावली म्हणजे पडदा असणार, तो आवाज म्हणजे पाण्याचा पाइप असणार. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. आमच्याकडे 'आपोआप झालं' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही परत कारण शोधायला पाठवतो. त्यामुळे माझ्यावर असं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण जे झालं ते भर दुपारी झालं, माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि शेजारी आणखी एक माणूस उभा होता.

मी शबाना, वडगाव मावळची. माझे अब्बा आधी केबल टीव्हीवाले, मग त्यांनी इंटरनेटचा व्यवसाय सुरू केला. वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा – खांबाखांबावर स्वतः चढून त्यांनी केबल ओढलीय. ते गेल्यावर कंपनी मी हातात घेतली. "पोरीला झेपेल का?" असं तोंडावर विचारणारे होते. झेपलं. चांगलं झेपलं.

प्रसंग घडला तेव्हा अब्बांना जाऊन वर्ष होत आलं होतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, शनिवार. लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नाही, एक्सप्रेसवे आणि जुना हायवे दोन्ही तुंबलेले. अशात कान्हे आणि कामशेतच्या मध्ये रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने आमची फायबर तोडली. लोणावळ्याकडचं सगळं बंद. मोबाइल टॉवरच्या केबलही त्याच चरातून गेलेल्या, त्यामुळे तिकडे फोन लागायचा, मध्येच कटायचा.

खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. याच दिवसासाठी मी लोणावळ्यात दुसरी लाइन घेऊन ठेवली होती – घाटाखालून, मुंबईकडून येणाऱ्या एका मोठ्या कंपनीची. एक लाइन तुटली की दुसरीने चालू व्हायला हवं. झालं नाही. आणि वडगावात बसून मला तिथला राउटरही दिसेना. दुपारी लोकल नसते, म्हणून संतोषभाऊंच्या बाइकवर मागे बसले. संतोषभाऊ म्हणजे परंदवडीचे, आमचे सगळ्यात जुने लाइनमन. अब्बांना ते चाचा म्हणायचे, त्यांच्याबरोबर निम्मं आयुष्य काढलंय. गाड्यांच्या फटीतून कसेबसे आम्ही लोणावळ्याला पोचलो.

बाजारात एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे एकाच स्विचवर, म्हणजे बऱ्याच वायरी एकत्र जोडायच्या डब्यावर, आमचा राउटर आणि त्या घाटाखालच्या कंपनीचा राउटर जोडलेले असतात. कुलूप उघडतेय तोवर फोन वाजला. तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम होत्या, आमच्या जुन्या ग्राहक.

"शबाना, नेट कधी येतंय? माझ्याकडे बाळ जन्मलंय, श्वास धरत नाहीये. बालरोगतज्ज्ञ पुण्याला आहेत, ते व्हिडिओवर बघून सांगणार होते. अ‍ॅम्ब्युलन्स सोमाटण्याच्या पुढे अडकलीय."

"मॅडम, मी पोचले. बघते." एवढंच म्हणू शकले. फोन कटला.

लॅपटॉप जोडला. आता थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर आपसात बोलतात त्या बोलण्याला बीजीपी म्हणतात. समोरचा सांगतो, "अमक्या पत्त्यावर माल पाठवायचाय? मग तो याच्या हातात दे." ज्याच्या हातात द्यायचा तो नेक्स्ट-हॉप. समोरची कंपनी दुसरी असेल तर राउटर सहसा स्वतःचाच पत्ता सांगतो. पण सगळे एकाच स्विचवर असले तर तो तिसऱ्याकडेही बोट दाखवू शकतो.

इथे तेच झालं होतं. बोलणी व्यवस्थित चालू होती, सगळ्या वाटा माझ्या राउटरला मिळाल्या होत्या. म्हणून एरवी वडगावातून बघताना सगळं ठीक वाटायचं. पण प्रत्येक वाटेपुढे नेक्स्ट-हॉप म्हणून भलताच पत्ता होता. मी पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का?' विचारलं. उत्तर नाही. पत्ता पुन्हा वाचला... तो अब्बांच्या जुन्या राउटरचा पत्ता होता. अब्बा गेल्यावर तो मी स्वतः काढला होता आणि आता तो वडगावच्या घरी कपाटात होता. त्याच्याच हातात माल द्यायचा असा जुना नियम घाटाखालच्या कंपनीकडे राहून गेला असणार, आणि मुख्य लाइन चालू असल्यामुळे तो आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

दोष सापडला होता. मला खरंच हुशार वाटलं, खोटं कशाला बोलू! समोरच्याने काहीही सांगितलं तरी नेक्स्ट-हॉप त्याचाच धरायचा, असा बदल मी लिहायला घेतला. लिहून झाला. अजून लागू केला नव्हता. एवढ्यात फोन.

"आलं गं, आलं! सर दिसतायत!"

"मॅडम... मी अजून काहीच केलेलं नाहीये."

पण त्या ऐकायला थांबल्या नव्हत्या. फोन तसाच चालू ठेवून कामाला लागल्या होत्या. आमच्याच नेटवरून लागलेला तो कॉल होता, आवाज स्वच्छ येत होता. मी स्क्रीन बघितली. खरंच, डेटाचं ट्रॅफिक वाहत होतं. जुन्याच नेक्स्ट-हॉपकडे. आणि त्या पत्त्यासमोर आता मशीनचा नंबरही – प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळतो तो – दिसत होता, म्हणजे त्या पत्त्यावर 'मी आहे' म्हणणारं कुणीतरी होतं.

"ताई," मागून संतोषभाऊंचा आवाज आला. "ही लाइट बगा की. हितं तर वायरच न्हाई."

स्विचच्या शेवटच्या पोर्टवर हिरवा दिवा लुकलुकत होता. भरभर, ट्रॅफिक चालू असताना लुकलुकतो तसा. त्या पोर्टला रबरी टोपण होतं. मीच बसवलेलं. पूर्वी तिथे अब्बांचा राउटर जोडलेला असायचा. संतोषभाऊंनी टोपण काढलं. आत काहीच नाही. दिवा चालूच. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चाचा हाईत," ते हळूच म्हणाले.

"संतोषभाऊ, गप्प बसा!" मी ओरडले. त्यांच्यावर नाही, स्वतःवरच.

आता माझ्यापुढे प्रश्न होता. बदल लागू केला तर चित्र क्षणभर थांबू शकतं. नाही केला, तर एक बाळ अशा वाटेवर सोडायचं जी कशामुळे चालतेय ते मला ठाऊक नाही. मी फोनवर विचारलं, "मॅडम, इकडे एक बदल करायचाय. करू?"

"आत्ता अजिबात नको! नळी घालतोय!"

मग बसून राहिले. बोट एंटरवर, नजर दिव्यावर. पलीकडून पुण्याच्या डॉक्टरांचा शांत आवाज... थोडं वर, हं, आता पुढे... आणि मग एक बारीक, चिरका रडण्याचा आवाज. डॉक्टर मॅडम हसल्या की रडल्या, कळलं नाही. "कर आता तुला काय करायचंय ते," म्हणाल्या.

तेवढ्यात दिवा मंदावायला लागला. म्हणजे अडखळत लुकलुकायला लागला, दम लागल्यासारखा. मी एंटर दाबलं. सगळ्या वाटा एका झटक्यात खऱ्या शेजाऱ्याकडे वळल्या. पलीकडचं बोलणं एका शब्दानेही तुटलं नाही. दिवा विझला.

संतोषभाऊ म्हणाले, "चाचांच्या हातनं धरलंत बगा तुमी." मग त्यांनी टोपण परत बसवलं.

थोडं सावरल्यावर अम्मीला व्हिडिओ कॉल केला. कपाट उघडायला लावलं. अब्बांचा राउटर दुलईत गुंडाळलेला, त्याची वायर त्यालाच गुंडाळलेली.

"काय झालं गं? कशाला पायजे आत्ता?"

"काही नाही अम्मी. मागचं स्टिकर दाखव फक्त."

स्टिकरवरचा नंबर आणि माझ्या स्क्रीनवर आलेला नंबर एकच होता.

यातून मी सुटका करून घ्यायचा खूप प्रयत्न केलाय. कुणीतरी दुसऱ्या मशीनला तोच नंबर दिला असेल? करता येतं तसं, पण त्या खोलीत तिसरं मशीनच नव्हतं. राउटरच्या आठवणीत जुनी नोंद राहिली असेल? मग पिंगला उत्तर का नाही, आणि ट्रॅफिक परत कसं आलं? स्विच काढून तपासायला दिला, तो ठणठणीत निघाला. घाटाखालच्या कंपनीच्या इंजिनिअरने जुना नियम काढून टाकला आणि सहज विचारलं, "मॅडम, मध्ये थोडा वेळ तुम्ही तो जुना राउटर परत लावला होता का? आमच्याकडे त्याच्यामार्फतच ट्रॅफिक आलेलं दिसतंय." मी 'नाही' म्हणाले. तो हसला. त्याला मी विसरले असेन असं वाटलं.

जानेवारीत त्या बाळाची आजी बाळाला घेऊन आमच्या वडगावच्या ऑफिसात आली. अम्मी तेव्हा तिथेच बसलेली. आजींनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ते इंजिनियर साहेब कुटं हाईत? त्येंच्या मांडीवर द्यायचाय नातू."

"साहेब न्हाई," अम्मी उठून उभी राहिली. मी तिला इतकी ताठ उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. "ही माजी लेक. हिनंच केलं सगळं."

बाळ माझ्या मांडीवर आलं. वजनाला चांगलं होतं, आणि आवाज तर विचारूच नका.

अम्मीचं बोलणं मी तिथे खोडलं नाही. पण इथे खरं लिहायला हरकत नाही. मी एंटर दाबायच्या आधी ती लाइन कुणी चालवली हे मला आजही माहीत नाही, आणि मी ते माझ्या नावावर घेत नाही. एंटर दाबल्यापासून मात्र ती माझी आहे... आणि त्यानंतर ती एकदाही पडलेली नाही.