बधिर गाल आणि पेडवे

पाच वर्षांचा असताना मी माझ्या धाकट्या भावाला गळाने पकडलं. तो तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि पाळण्यात झोपला होता. गळ वडिलांचा होता आणि मला मासा हवा होता, याहून बरं कारण मला आजवर सुचलेलं नाही. गळ त्याच्या डाव्या डोळ्याखाली रुतला. जखम भरली, पण नस तुटल्यामुळे गाल आणि वरचा ओठ बधिर राहिले. तोंडात काटा टोचलेला त्याला कळायचा नाही, म्हणून आईने त्याच्या माशाचे काटे काढायचं काम मला लावलं. पेडव्यांचेसुद्धा, ज्यांच्यात मासा कमी आणि काटेच जास्त.

पुढे मुंबईला मी संशोधन निवडलं तेही याच पापापायी. उंदराच्या नवजात पिल्लाच्या मिशांची नस कापायची आणि ते मोठं झाल्यावर त्याच्या मेंदूचा देठ तपासायचा. तिथे पेशी न्यूरोपेप्टाइड नावाच्या रसायनांतून निरोप धाडतात. नसच तुटली, तर ते निरोप घेणारे ग्राही कमी होतात की वाढतात, हे मी पाहत होतो.

ऐंशीच्या दशकातल्या एका दिवाळीत मालवणला घरी आलो आणि भावाला समोर बसवलं. त्याचे डोळे मिटवून जाड-बारीक तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, टोकं गालाला लावली. उजवीकडे त्याला बारीकातला बारीक दोरा कळला, डावीकडे काहीच नाही. वहीत मी शून्याखाली शून्य लिहीत गेलो. उंदरांविषयी सगळं ऐकून त्याने विचारलं, त्यांचे काटे कोण काढतं? त्यांना कोरडं खाद्य असतं, असं मी गंभीरपणे सांगितलं.

दुपारी जेवताना मी पेडव्यांचं ताट पुढ्यात घेऊन त्याच्यासाठी काटे काढत होतो, तेव्हा त्याच्या डाव्या गालाला भाताचं शीत चिकटलं. त्याने ते बोटाने टिपून तोंडात टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि चावायचा थांबला.

"कधीपासून कळता?" मी विचारलं.

"चौथीत होतंय तेवापासून."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलंय असतंय तर काटे कोणी काढले असते?"

मी ताट त्याच्यापुढे सरकवलं. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं होतं, आता रागावायचा मला हक्क होता. त्याने पेडवा उचलला, उलटा धरला, मधोमध मोडला आणि काट्यासकट चुरून भातात कालवला. चोविसाव्या वर्षी, मालवणात जन्मलेल्या माणसाला पेडवा खाता येत नव्हता, आणि तेही माझ्यामुळे.

मी ताट पुन्हा माझ्याकडे ओढून घेतलं.