सैल धावदोरा

टाचणीकाकूंचं खरं नाव इमारतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माप घेताना ओठांत टाचण्या धरायची त्यांची सवय, त्यामुळे सगळं बोलणं 'हूं' आणि 'ऊंहूं' यांवरच भागायचं. काकूंच्या पोटात गुपित ठेवावं, तोंड उघडायची सोयच नाही, असं बायका हसून म्हणत.

काकूंची एक रीत होती. आजारपणात वाळलेल्या माणसाचे कपडे बारीक करायला आले, की त्या जास्तीचं कापड कापत नसत. ते आत दुमडून हाताने सैल धावदोरा घालत. माणसाने पुन्हा अंग धरलं, की दोरा ओढायचा, कपडा पहिल्यासारखा.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरची बाई लेकीला घेऊन आली. लांबलेल्या दुखण्याने पोरीची नुसती काडी झाली होती. आरशात बघून ती म्हणाली, "काकू, माझ्यापेक्षा तुमचा हँगर अंगाने बरा."

आई हसली नाही. जास्तीचं कापूनच टाका, आत उगाच बोळा नको, म्हणाली. लेक पडद्याआड कपडे बदलायला गेली, तेव्हा आईने आवाज खाली आणला.

"काकांच्या शर्टांनाही असाच दोरा घातला होतात ना? काय उपयोग झाला?"

काकूंचा हात थांबला. ते शर्ट अजून कपाटात होते, दोरे न ओढलेले. आपण दोरा घालायचा आणि देवाने माणूस भरून द्यायचा, असा जणू ठरावच झालाय, असं त्यांना वाटत असे. काका गेले आणि तो ठराव मोडला. त्यानंतरही रीत चालू होती, पण हात आधीसारखा चालत नव्हता.

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"दोरा ओढायची वेळ आली नाही, खरंय. पण शर्ट घालताना ते रोज आतली घडी चाचपायचे. म्हणायचे, माझी जागा धरून ठेवलीस की अजून. ती कापली असती, तर माणूस समोर असतानाच आपल्या लेखी गेला असता. पुढचं आपल्या हातात नाही, बाई. जागा ठेवणं आहे."

कात्री बाईच्या हाताशीच होती. तिने ती हळूच मशीनपलीकडे सरकवली आणि पिशवीतला दुसरा ड्रेस काढला. "याला मीच घालते दोरा. दाखवा कसा ते."

लेक बाहेर आली, तर आई सुई घेऊन स्टुलावर बसलेली. टाका घट्ट पडला, की काकू 'ऊंहूं' करायच्या. टाचण्या पुन्हा त्यांच्या ओठांत होत्या.