लालासाहेबांची अमावस्या

लालासाहेब विमानाने माल पाठवणाऱ्या कंपनीत मोठे साहेब होते, पण विमानात त्यांनी स्वतः कधी पाय ठेवला नव्हता. सांगलीत विमान दिसायचं ते आभाळात, आणि तेही भलतीकडेच निघालेलं. तरी आमच्या शाखेच्या पाटीवर विमान रंगवलं होतं आणि भर उन्हाळ्यात साहेब टाय लावून बसायचे. तासगावची द्राक्षं गार गाडीतून मुंबईला धाडायची आणि तिथून विमानाने दुबईला, हे त्यांचं काम. त्यात ते वाकबगार होते, हे मी त्यांच्या हाताखालचा माणूस असूनही कबूल करतो.

हमालांवर देखरेख करता करता ते इथवर चढले होते. आता जीव एकाच गोष्टीत अडकला होता, मुंबईतल्या मुख्य व्यवस्थापकाच्या खुर्चीत. शहाण्णव साली मुंबईच्या मुख्य ऑफिसातले त्यांचे वरिष्ठ सौमित्र साहेब त्यांना म्हणाले, "या हंगामात विमानातली आपली जागा एकदाही रिकामी गेली नाही, तर खुर्ची तुमची."

आणि ऐन फेब्रुवारीत अमावस्या आडवी आली. आमच्याकडे अमावस्येला कुणी नव्या कामाला हात लावत नाही, आणि बागेची पहिली तोड तर मुहूर्ताचंच काम. ज्यांचा माल नेमका तयार होता ते सगळे बागायतदार अडून बसले. त्यांचे म्होरके नाथाजी ऑफिसात येऊन ऐसपैस टेकले.

"आवं लालासाहेब, येक दिवस थांबंल की तुमचं इमान."

"विमानाला तिथी नसते, नाथाजी. अमावस्या कशाशी खातात, ते दुबईवाल्याला ठाऊक तरी आहे का?"

"दुबईवाल्याची बाग हितं हाय व्हय?"

साहेबांनी मग वाद घातला नाही. अमावस्येला उजाडताच टाय खिशात कोंबून ते स्वतःच्या द्राक्षबागेत शिरले आणि पहिला घड आपल्या हाताने तोडला. त्यांची आई मनुबाई बांधावर पाठ फिरवून उभी राहिली. आठवडाभर ती लेकाशी बोलली नाही. पण बाकीच्यांनी ते पाहिलं आणि दुपारपर्यंत एकेकाने बागेत माणसं लावली. विमान भरून गेलं, माल ताजा पोचला, कुणाच्या घरचं माणूसही आजारी पडलं नाही.

त्यानंतर साहेबांना आवरणं अवघड झालं. चहा पाजून ते अमावस्येची गोष्ट सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली की दुबई मला शेजारच्या गावासारखी वाटू लागली. मनुबाईसुद्धा हळूहळू लोकांना सांगू लागली, "आमचा लाला सांगतो, तसलं काय नसतंय."

मे महिन्यात मुंबईहून फोन आला. खुर्ची मिळाली होती. कंपनीचे मालक एका दिवसापुरते येणार होते, तेव्हा शुक्रवारी हजर व्हा. साहेबांनी पेढे मागवले, सहज म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पेढा हातातच राहिला.

शुक्रवारी अमावस्या होती.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला म्हणून घरी गेलो. मनुबाईने बॅग भरून दारात ठेवली होती, कोट झटकून खुंटीला लावला होता. साहेब मात्र लुंगीवर बसले होते.

"जा की रं," ती म्हणाली. "इमानाला तिथी नसती, तूच म्हनत हुतास न्हवं?"

साहेबांनी मला मुंबईला फोन लावायला सांगितला. आईची तब्येत अचानक बिघडली आहे, शनिवारी हजर होतो, असं ते सौमित्र साहेबांना म्हणाले. ती ठणठणीत आई समोर उभी राहून ऐकत होती. मला त्यांचा इतका राग आला की मी पाणीही न पिता निघालो.

शुक्रवारी मालक आले, खुर्ची रिकामी दिसली, आणि जो माणूस समोर हजर होता त्याला त्यांनी बसवलं. संध्याकाळी तसा फोन आला. शनिवारी साहेब नेहमीप्रमाणे सांगलीच्या ऑफिसात आले. थोड्या वेळाने नाथाजीही आले. बातमी त्यांना कळली होती. खुर्ची ओढून ते हळूच म्हणाले, "आवं, तुमीच सांगितलं हुतं, इमानाला अमावस्या नसती म्हनून."

साहेबांनी टाय सैल केला. ऑफिसात ते गावचं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"इमानाला न्हाई, नाथाजी," ते म्हणाले. "मला हाय."