हरण्याची तहान

गुरुलिंग गेला तो निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात. रस्त्यांवर रझाकारांचे पहारे होते. मुरूमच्या वैद्याकडं निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून माघारी आला आणि तापानं आपलं काम केलं. मळ्यात त्याला लिंगायत रीतीनं बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली. जंगमस्वामी म्हणाले, "लिंगैक्य झाला. आता मागं वळून बघायचा न्हाय."

पण गुरुलिंग वळून बघत होता. फक्त बायकोकडं, शिवकांताकडं, नाही.

त्याची आई, रुद्रम्मा, चुलीपुढं सांगायची, "पहाटं आला हुता. 'अव्वा, गुडघं दुखत्यात का?' म्हनला." बहिणीच्या, महानंदाच्या, सपनात तो पेरू घेऊन यायचा. शिवकांता ऐकत भाकरी थापत राहायची.

विहिरीवर शेजारच्या शांतम्मानं टोचलंच. "आईकडं येतो, भैनीकडं येतो. तुज्याकडंच कसा न्हाय गं? जीव लावला हुतास, का नुसत्या भाकऱ्या घातल्यास?"

"भाकऱ्याच घातल्या," म्हणून शिवकांतानं घागर उचलली.

त्याचा पटका उशाला घेऊन ती निजली. मळ्यात मातीपाशी बसली. 'एकदा नाव घेऊन हाक मारा,' म्हणाली. तुरीतनं वारा तेवढा गेला.

शेवटी तिनं सासूला विचारलं, "अत्याबाई, ते मलाच हाक का मारीनात?"

रुद्रम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. "जिता हुता तवा तरी मारली हुती का गं?"

नव्हतीच मारली. थोरामोठ्यांपुढं बायकोला हाक मारायची कशी, आणि घर तर कधी रिकामं नसायचं. ताक पाहिजे असलं की गुरुलिंग दारालगतच्या ढाळजेत बसून समोरच्या बैलाला मोठ्यानं विचारायचा, "काय हरण्या, तहान लागली व्हय रं?" आतून तांब्या यायचा. कालवण झणझणीत झालं की, "हरण्या, आज पेंड लई तिखट हाय न्हवं?" आत हसू दाबलं जायचं. सगळा संसार बैलाच्या कानातून झाला. म्हातारी काही कळलं नसल्यागत वाती वळायची.

आणि तो गेल्यापासून शिवकांता हरण्याकडं फिरकली नव्हती. बघवत नव्हतं. त्याचं वैरणपाणी दीर करायचा.

रुद्रम्मा काठी टेकत ढाळजेत गेली. घसा खाकरून ओरडली, "काय हरण्या, तहान लागली व्हय रं?"

शिवकांताला कळायच्या आत हात तांब्यावर गेला. ती धावतच बाहेर आली, पदर सावरला, आणि उंबऱ्यात थबकली. "कुणाला देऊ, अत्याबाई?"

"ठेव त्याच्या जाग्यावर."

ठेवताना ताक हिंदकळलं. माती दिली तेव्हा न आलेलं रडू तिला तिथं आलं.

दुसऱ्या दिवसापासून हरण्याचं शेणपाणी तिनं कुणाला करू दिलं नाही. पुढं शांतम्मानं पुन्हा विचारलं, "आला का गं?"

"अजून न्हाय," शिवकांता म्हणाली. "पर आता म्या हरण्यापाशी असते."