भांबुर्ड्याच्या वाफेतला मुलगा

माणसाचा सगळा भूतकाळ त्याच्या नाकात वस्तीला असतो आणि एखादा वास आला की जागा होऊन समोर उभा राहतो. असं मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं. मला बारमाही सर्दी, त्यामुळे ते पडताळून पाहता आलं नव्हतं. ते काम बायकोने केलं.

साल अठ्ठावन्न-एकोणसाठ असावं. मी अलिबागला मास्तर होतो, सासुरवाडी नागावची. वालाच्या शेंगा भरल्या तसं मेहुण्याने आम्हाला पोपटीला, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला, बोलावलं. जावई येणार म्हणून शेतात खुर्ची आणून ठेवली होती. बाकी सगळे पेंढ्यावर, आणि मी एकटा उंचावर, सभेचा अध्यक्ष असल्यासारखा. भाषण तेवढं कोणी मागितलं नाही.

मेहुण्याने मडक्यात भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला घातला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ. पुन्हा पाला कोंबून तोंड बंद केलं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. मग तापल्या मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. ते चर्र करून उडालं, म्हणजे पोपटी झाली. मडकं उलटवून त्याने पाला ओढला तशी वाफेची लाट थेट बायकोच्या तोंडावर आली. तिने डोळे मिटले आणि स्वतःशीच हसली.

मेहुण्याने विचारलं, हसायला काय झालं?

"अरे, तो मुलगा आठवला. शेजारच्या वाडीत पाहुणा आला होता बघ एका थंडीत. लग्नानंतर पोपटीला येणंच झालं नाही, तोही कधी आठवला नाही."

"हिरव्या स्वेटरवाला? व्हय की. तुला शेंगा सोलून द्यायचा."

मग तिला सगळंच आठवायला लागलं. तिची बोटं भाजतात म्हणून तो सोलायचा, प्रत्येक शेंगेवर आधी फुंकर घालायचा. त्याच्या स्वेटरच्या कोपराला रफू केलेलं होतं आणि रफूचा दोरा निळा होता. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. मी त्या सकाळी कोणता सदरा घालून निघालो होतो हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि मी तर तिच्या शेजारीच बसून आलो होतो.

हल्ली तो कुठे असतो, अशी मी सहज चौकशी केली. कोणालाच ठाऊक नव्हतं. ठावठिकाणा कळला असता तर त्याला टक्कल पडलं असेल, पोट सुटलं असेल अशी आशा तरी धरता आली असती. तीही सोय नव्हती. तो कायमचा तिथेच बसून शेंगेवर फुंकर घालत राहणार होता.

मी खुर्चीवरून उतरलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. पहिल्याच शेंगेने अंगठा भाजला.

"भावोजी, राहू द्या," मेहुणा म्हणाला, "तुमचं काम न्हाय ते."

सोललेले दाणे मी बायकोपुढे केले. तिने माझ्याकडे न बघताच ते खाल्ले. ती अजून वाफेत होती.

परतीला टांगा गाठायचा म्हणून आम्ही बांधावरून रस्त्याकडे निघालो. पुढे मेहुणा कंदील घेऊन चालत होता. त्याला ऐकू जाणार नाही इतका तो लांब गेल्यावर मी तिला विचारलं, "आणि मी? मी कशाच्या वासाने आठवतो?"

प्रश्न कितीही पोरकट असला तरी तो मनावर घ्यायचा तिचा स्वभाव.

"डांबराच्या गोळ्यांच्या."

"म्हणजे?"

"अहो, मला बघायला आलात तेव्हा तुमच्या कोटाला तो वास होता. अजून ट्रंक उघडली की तुम्ही दिसता. त्या कोटात, ताठ बसलेले."

फुंकर घातलेल्या शेंगांपुढे हे फारसं नव्हतं. पण पोपटी वर्षातून एकदा आणि ट्रंक दर आठवड्याला, हा हिशेब मला टांग्यात बसेपर्यंत पुरला.

कोट माझ्या काकांचा होता. त्यांनी तो बघण्याच्या दिवशी संध्याकाळीच परत नेला.