कारण सांगितल्याशिवाय गोटा पुढं जात नाही

शिक्षकाच्या घरात न मागता साठणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे प्रशिक्षणात मिळालेल्या पिशव्या आणि दुसरी म्हणजे किस्से. पिशव्यांत आमची मंडळी कांदे-लसूण भरून ठेवते. किश्श्यांचं काय करावं ते मला कळत नाही, म्हणून आज तुमच्यासमोर ओततो.

मी पाथरी तालुक्यातल्या एका खेड्यात तिसरीच्या वर्गावर आहे. शाळेत आम्ही तिघंच. एक मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव 'मोठे सर' म्हणतं. दुसरे कदम सर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले आणि कशाचंच टेन्शन न घेणारे. तिसरा मी. माझं डोकं लवकर तापतं, हे गावात कुणालाही विचारा, आनंदानं सांगतील!

तर आम्हाला 'मेंदूस्नेही अध्यापना'चं प्रशिक्षण झालं. हे सगळे त्याचे परिणाम.

*

तालुक्याच्या हॉलमध्ये मॅडम सांगत होत्या, "मुलांना एका जागी फार वेळ बसवू नका. थोड्या थोड्या वेळानं उठवा, हलवा. मेंदू ताजा राहतो."

हे त्या सकाळी दहाला सांगू लागल्या ते दीडपर्यंत सांगत होत्या. मधे कुणालाही उठू दिलं नाही.

शेवटी कदम सरांनी हात वर केला. "मॅडम, एक शंका हाय. मेंदू अजून जागा हाय, पन दोनी पाय झोपलेत. त्याइला उठवायचं का ऱ्हाऊ द्यायचं?"

*

परत आल्यावर मी पहिला प्रयोग पाण्याचा केला. मेंदूला पाणी लागतं, म्हणून प्रत्येकानं बाटली जवळ ठेवायची आणि अधूनमधून दोन घोट घ्यायचे.

अर्ध्या तासात अख्खा वर्ग करंगळी वर करून उभा! कदम सर व्हरांड्यातून म्हणाले, "वर पोचायच्या आधीच खाली पोचलं वाटतं!"

*

दुसरं सूत्र होतं, 'नवीन ज्ञान मुलांच्या अनुभवाला जोडा.' कदम सरांनी ते लगेच मनावर घेतलं आणि चौथीला गणित घातलं. "आपल्या फाट्यावरची जीप तासाला तीस किलोमीटर जाते. दहा वाजता सुटली, तर बारा वाजता किती किलोमीटर गेलेली असेल?"

एका पोरीनं ठणकावून सांगितलं, "फाट्यावरच असंल, सर."

"कामून गं?"

"भरल्याबिगर सोडतच न्हाईत. मी आन् माय परवा दोन तास बसलो होतो."

कदम सरांनी तिला पूर्ण मार्क दिले. मला म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय. गणितच घरी बसून केलेलं होतं."

*

मग दाराशी स्वागताचा तक्ता लावला. त्यावर चार चित्रं होती: नमस्कार, टाळी, हातात हात आणि नाच. आत येणाऱ्यानं एका चित्रावर बोट ठेवायचं आणि वर्गानं त्याचं तसं स्वागत करायचं. रोज एक पोर 'स्वागतमंत्री'.

त्या दिवशी मंत्री होता सुनील, वर्गात सगळ्यात बुटका. आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. हा आडवा उभा! "आधी बोट ठेवा."

साहेबांचा चष्मा खिशात. कुठंतरी बोट ठेवल्याशिवाय हे पोरगं काही सोडत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि ठेवलं. नेमकं नाचावर!

चोवीस पोरं टणकन उठली. साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाहेर जीपच्या ड्रायव्हरकडं पाहिलं, फाईल काखेत मारली आणि चार पावलं खरंच नाचले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो आजतागायत टिकून आहे.

पुढच्या भेटीला साहेब दाराबाहेरच थांबले. डोळ्यांवर चष्मा. "पोरा, आधी नमस्कार कुठला हाय तेवढं दाखव."

*

खरी गंमत झाली ती सकाळच्या गोलाची. वर्गात कुटुंबासारखं वातावरण हवं, म्हणून रोज सगळ्यांनी गोल बसायचं, नदीतला एक गुळगुळीत गोटा फिरवायचा आणि ज्याच्या हाती तो येईल त्यानं आज कसं वाटतंय ते सांगायचं.

पहिल्या पोरानं "छान वाटतंय" म्हटलं. मी शाब्बास म्हणालो आणि चुकलो. पुढच्या अठरा जणांना छान वाटलं!

मग गोटा राधाकडं आला. राधा म्हणजे वाळकीशी पोर. आई-बाप रानात जायचे, म्हणून दोन वर्षांच्या धाकट्या भावाला, ओम्याला, काखेत मारून शाळेत यायची. ती म्हणाली, "मला राग आलाय. तुमचा."

मी विचारलं, "माझा? कशाबद्दल?"

"परवा माजी पेन्सिल घेतली लिहायला. दिलीच न्हाई."

मी खिसा चाचपला. पेन्सिल खिशातच! राधानं ती घेतली, टोक तपासलं आणि सगळ्यांना नियम सांगून टाकला. "नुसतं छान वाटतंय म्हनायचं न्हाई. कारण सांगायचं. कारण सांगितल्याबिगर गोटा पुढं जायचा न्हाई."

प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं. मला आधी राग आला, मग स्वतःची लाज वाटली. नियम मात्र कायम झाला.

*

दुसरा नियमही तिचाच. एकदा सुनील आला नाही, तर पोरं सरकून त्याची जागा भरायला लागली. राधा ओरडली, "सरकू नका! उद्या आल्यावर कुठं बसंल त्यो?"

तेव्हापासून गैरहजर पोराची जागा मोकळी ठेवायची आणि शेजाऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं, असं ठरलं. सुनीलच्या वतीनं त्याचा शेजारी उभा राहिला. मी सांगितलं, "त्याला ताप आहे. सकाळीच त्याच्या वडलांनी चिठ्ठी दिलीय."

शेजारी म्हणाला, "सुनीलला लय भारी वाटायलंय. कारण मामाच्या लग्नात बुंदी हाय."

*

मोठ्या सरांना गोल आवडला, पण कागदाशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी भावनांचं रजिस्टर घातलं. आनंदी एकवीस, दुःखी तीन, एकूण चोवीस. खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. "दुःखी तीन कामून? वर पाठवायचंय हे. शनिवारपर्यंत एकावर आना."

*

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. राधाचे आई-बापही निघाले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढत होतं.

"पोरीला ठेवा," मी राधाच्या वडलांना म्हटलं. "तिच्या मावशीकडं ठेवा. मावशी तयार आहे, मी बोललोय. गेल्या वर्षी दोन पोरं गेली, ती परत शाळेत आलीच नाहीत."

"गुरुजी, तुमचं खरंय. पन आमी दोघं फडात. ओम्याला कोन बघंल?"

माझं डोकं तापलं. नको ते बोललो. "मग पोरगी कशाला घातली शाळेत?" असंही म्हणालो. ते ट्रॉलीत गाठोडी चढवत राहिले. राधा ओम्याला घेऊन ट्रॉलीत चढली आणि तिथून मला म्हणाली, "सर, माजी जागा भरू देऊ नका."

भरू दिली नाही. रोज कुणीतरी तिच्या वतीनं बोलायचं. "राधाला थंडी वाजायलीय, कारण तिचं स्वेटर ओम्याला हाय." "राधाला कंटाळा आलाय, कारण तिथं आमी न्हाईत." मी रोज ऐकायचो आणि उगाच फळा पुसायचो. स्वच्छ असलेला.

*

संक्रांतीनंतरची गोष्ट. सकाळी गोल चालू असताना माझा फोन वाजला. राधाच्या वडलांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर राधा! कारखान्याची मशीन बिघडली होती, म्हणून टोळीला सुट्टी होती.

माझी सगळी पोरं फोनवर तुटून पडली. राधानं तिकडूनच दम दिला, "गलका करू नका. आमचा गोल चालू हाय!"

तिनं फोन फिरवला. पाचटाच्या खोपटांपुढं टोळीतली सात-आठ पोरं गोल बसलेली. ओम्या होता. सुट्टी म्हणून तीन-चार मोठी माणसंही होती. गोटा नव्हता, उसाचं कांडं फिरत होतं. आणि मधेच एक जागा मोकळी.

मी विचारलं, "ती जागा कुणाची गं?"

"तुमची. तुमी रोजच गैरहजर ऱ्हायलाव!"

इकडं वर्ग खदखदून हसला. राधा पुढं म्हणाली, "रोज एकजन तुमच्या वतीनं बोलायलाय. काल एक आजी म्हनली, सरला वैताग आलाय, कारण मीटिंग हाय."

कदम सर दारातून म्हणाले, "च्यायला, बरोबर हाय. कालच झाली!"

"आज कुणाची पाळी?" मी विचारलं.

फोन पुन्हा फिरला. मोकळ्या जागेशेजारी राधाचे वडील मांडी घालून बसले होते. कांडं त्यांच्याच हातात होतं.

"गुरुजीला राग आलाय," ते म्हणाले आणि कांडं घाईघाईनं पुढं सरकवायला लागले.

राधानं त्यांचं मनगट धरलं. "पप्पा, कारण सांगा. कारण सांगितल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

त्यांनी फोनकडं पाहिलं नाही. तिच्याकडं पाहिलं.

"मी तुला साळंतून उठवून आनलं म्हनून."