हर्सूल ते फुलंब्री

त्या दिवशीचे मानसं आधी सांगते. मॅडम, कारकून शेखभाई, शिकाऊ डॉक्टर रोहित, सिल्लोडची सुजाता, आन् फरशी पुसनारी मी.

मॅडम एका जागी ठरत नव्हत्या. घड्याळ काढायच्या, परत घालायच्या, आन् म्हनायच्या, "कागद नंतर बघू. पोरगं काय म्हणतंय?" सोता डॉक्टर, पन मेडिकल कॉलेजात पोरांचं बघायच्या. हॉस्टेल, रजा, नापास, रडारड. दर महिन्याला एका शिकाऊ डॉक्टरला आठ दिवस आपल्या खोलीत बसवायच्या. हे बी डॉक्टरचंच काम हाय, आपल्यामागं कुनीतरी धरावं, हा त्यायचा ध्यास. पोरं जिन्यात हसायचे, "डॉक्टर होऊन हजेऱ्या बघू का?"

माझा मालक वारला तवापसून मी तिथं कामाला. चौथी शिकले. रडायला सवड नव्हती, म्हनून रडनारं मानूस मला लांबून कळतं.

त्या दुपारी मॅडम मीटिंगला गेलत्या. सुजाता आली, पहिल्या वर्षाची. म्हनली, "सर, झोप नाही लागत. छातीत धडधडतं. घरी जायचंय." रोहितनं नाडी धरली, बीपी बघितला, गोळी लिहून दिली. गेली पोरगी.

शेखभाई म्हनले, "डॉक्टरसाब, वो रो रही थी."

"टेन्शन आहे. होईल बरी."

दाराबाहेर तिची बॅग मी बघितली व्हती, गादीसुद्धा गुंडाळलेली. पन शिकलेल्याच्या मधी कशाला बोला, म्हनून गप बसले. मॅडम आल्यावर सांगितलं. रोहितला रागावल्या नाय. रिक्षा केली, मला आन् रोहितला घेतलं.

हर्सूलला, शहर सुटतं तिथं, सिल्लोडची काळी-पिवळी जीप उभी. सुजाता मागं बसलेली. ड्रायव्हर वरडतोय, "तीन सवारी, तीन!" मॅडम तिच्याशेजारी जाऊन बसल्या. आम्ही बी चढलो. गाडी भरली आन् निघाली की.

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. रोहित हातरुमाल पिळत व्हता. शेवटी त्यानंच विचारलं, "परत येणार नाहीस ना?"

तिनं मान हलवली. "पेपर कोरा दिला, सर. एक ओळ लिहिली नाही. माझ्या वडिलांनी गावभर सांगितलंय, पोरगी डॉक्टर होणार."

"माझा पण पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता," रोहित म्हनला. "घरी सांगितलंच नाही मी."

मंग पोरगी रडली. लई रडली.

फुलंब्रीला आम्ही चौघं बी उतरलो, परतीची गाडी धरायला. बॅग रोहितनं धरली. चहा पिताना त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखं काम करायचं तर काय करावं लागतं?" मॅडमनी पहिल्यांदा घड्याळाला हात लावला नाय.

सुजाता आता शेवटच्या वर्षाला हाय. रोहित पुढं शिकायला पुन्याला गेला, हेच काम करायला येतो म्हनलाय. मॅडम रिटायर झाल्या आन् साल भरायच्या आत वारल्या. खोलीला कुलूप हाय. परवा एक पोरगा त्या दारासमोर लई वेळ उभा व्हता. मी त्याला पानी दिलं. पुढं काय बोलावं, ते मला येत नाय.

नात लिहून घेतीय हे. वाचनाऱ्यात कुनी डॉक्टरकी शिकत असंल, तर आठ दिवस त्या खोलीत येऊन बसा.